निर्वात ग्रहाचं गाणं

हमदमनं टेपरेकॉर्डर पुसला, पुन्हा पुसला, तरी झीनतचा पत्ता नव्हता. मग त्यानं चहा टाकला, नान फडक्यात गुंडाळून ठेवला आणि उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिला. ताश्कंदच्या चिलांझार भागातल्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्याचं घर होतं. बाल्कनीला काचा लावून त्यानं कामाची खोली केली होती. बाहेर कुणीतरी तुतीची पानं झाडून पेटवली होती, आणि धुराचा कडवट वास फटींतून आत येत होता.

सगळ्याचं कारण म्हणजे अल्माटीचा बाउर्जान. जुन्या मालिकांचं संगीत शोधून त्याच्या तबकड्या काढायचा त्याला नाद होता. ‘निर्वात ग्रह’ ही मालिका लागली की एकेकाळी ताश्कंदच्या गल्ल्या ओस पडायच्या, पोरं खेळ टाकून घरात पळायची. मालिकेचे भाग पुढे पुसले गेले. फीत महाग, म्हणून एकीवर दुसरं छापायची तेव्हा सगळीकडेच रीत होती. उरली ती संगीताची एक फीत, हमदमच्या कपाटात. तो तेव्हा स्टुडिओत फिती कापून जोडायचं काम करी; हीसुद्धा त्यानंच जोडली होती, आणि त्यात त्याची बायको मावलुदा गायली होती. ती गेल्यापासून त्यानं ती फीत एकदाही लावली नव्हती.

झीनत आली ती बोलतच आली. भूगोल शिकवून शिकवून तिचं तोंड थकत नसे. “बाबा, तुमच्यासारखा चिक्कू माणूस अख्ख्या ताश्कंदात सापडायचा नाही. अडतीस वर्षांची घोडी झाले मी, आईचा आवाज कसा होता ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही तो कपाटात दडवून बसलात!”

“तुझ्या मनासारखं त्यात काही नाही, पोरी.”

“ते मी ठरवीन. लावा.”

मावलुदा गेली तेव्हा झीनत रांगत होती. आईचे चारदोन फोटो तेवढे तिच्या वाट्याला आले होते, त्यातही तोंड मिटलेलं. हमदमनं बटण दाबलं. गाण्याला शब्द नव्हते. एकच लांब, उंच स्वर निघाला, वळला, उतरला, पुन्हा चढला, कुठेही न थांबता. झीनत सुरुवातीला पुढे वाकून ऐकत होती. हळूहळू ती मागे सरली.

“ही आई?” ती म्हणाली. “हा तर भोंगा आहे कारखान्याचा.”

“ग्रहावर हवा नाही ना. तो ग्रहच गातो असं दाखवायचं होतं. दिग्दर्शक म्हणाला, हवाच नाही तिथे श्वास कसला? मग मी सगळे श्वास कात्रीनं कापून काढले. फीत कापायची, टोकाला टोक चिकटवायचं. असे खूप होते. तू पोटात होतीस, तिला दम पुरायचा नाही. मला चिडवायची, ‘दोघींचा श्वास आहे हं, जपून काप.’”

“आणि कुठेयत ते?”

“कचऱ्यात गेले, झालं. कापलेली फीत कोण ठेवतं?”

झीनतचे डोळे भरून आले. “म्हणजे तिच्यातलं माणूस तेवढं टाकलंत आणि उरलेलं जपलंत.”

हमदमला ते फार लागलं. पण खोटं काय होतं त्यात? चहा तसाच निवला.

दोनतीन दिवसांनी बाउर्जान आपलं यंत्र घेऊन फितीची प्रत करायला आला. स्वर सुरू होण्याच्या आधी, अगदी स्पष्ट, कुणीतरी श्वास घेतला.

हमदमनं फीत थांबवली.

“छान आहे की हो, हमदमकाका,” बाउर्जान म्हणाला. “जिवंत वाटतं.”

“हा मी कापला होता.”

“एखादा राहिला असेल.”

“माझ्या हातून राहत नाही.” वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो, हे त्याला माहीत होतं. पण जे फितीवर उरलंच नाही ते उमटणार कसं? त्यानं चष्मा लावला आणि फीत बोटांतून सरकवत ती जागा पाहिली. तिथे चिकटपट्टीचा जोड असायला हवा होता. नव्हता. फीत सलग होती. म्हातारपण आलं, विसरलो असेन, असं त्यानं मनाला बजावलं आणि बाउर्जानला सामसा खाऊ घालून वाटेला लावलं.

झीनतला सांगितल्यावर ती शाळेतून तडक आली. त्या दिवशी सुरांच्या पहिल्या ओळीनंतरही श्वास होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढे. मग ती रोजच येऊ लागली. पिशवी कोपऱ्यात टाकायची, टेबलावर डोकं ठेवायची आणि डोळे मिटून ऐकायची. “बाबा, इथे तिनं हसू दाबलं, ऐकलंत? आणि इथे कंटाळली. बिच्चारी, पाय दुखले असतील.” कधी नव्हे ते तिच्या गालांवर तेज आलं होतं. “हल्ली मला शाळेचे चार मजले चढून धापसुद्धा लागत नाही. शाळेतल्या बाया विचारतात, काय खातेस म्हणून.”

हमदमलाही सुख झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मावलुदाचा श्वास किंचित अडखळायचा. बाजारातून खरबूज उचलून आणल्यावर ती दारात टेकून असाच श्वास घ्यायची. तो ऐकून हमदम स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून रडला. किती वर्षांनी ती घरात आल्यासारखी झाली होती! जोड कुठे गेले हे बघणं त्यानं सोडून दिलं. सुखाची झडती कोण घेतो?

बाउर्जानचा फोन आला तेव्हा तो जरा चपापला. “काका, मी नेलेल्या प्रतीत तो श्वास नाही हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. आपण दोघांनी ऐकला होता ना?”

“ऐकला होता,” हमदम म्हणाला.

रविवारी त्यानं पालोव शिजवला. झीनतनं आधी गाणं ऐकलं. आता एकही श्वास गैरहजर नव्हता, गाणारी बाई शेजारच्या खोलीत उभी असावी असं वाटत होतं. मग ती जेवायला बसली आणि तिचं सुरू झालं.

“तर ती नवी मुख्याध्यापिका मला म्हणते नकाशे भिंतीवर नकोत रंग खराब होतो मी म्हटलं बाई मग पोरांना अरल समुद्र काय तुमच्या टेबलावर दाखवू तर ती म्हणते समुद्र आटला आता दाखवायचा कशाला म्हटलं आटला म्हणूनच दाखवायचा आणि सगळी पोरं हसली तुम्ही असायला हवं होतं बाबा तिचं तोंड असं झालं होतं लिंबू चोखल्यासारखं आणि वर मला म्हणते...”

हमदम हसत ऐकत होता. पोरगी अशी बोलत सुटली की त्याला मावलुदा आठवायची.

मग त्याचं हसू विरलं.

आयुष्यभर त्यानं माणसांचं बोलणं कापलं होतं. कुणीही बोलू लागलं की त्याचा कान आपोआप कात्रीची जागा शोधायचा. झीनत बोलत होती, आणि जागा येत नव्हती.

त्यानं तिच्या छातीकडे पाहिलं. शाल स्थिर होती.

“पोरी, जरा श्वास घे.”

“घेतेय की, नाही तर बोलेन कशी, तुमचं आपलं काहीतरीच,” ती हसली, आणि हसूनही थांबली नाही.

हमदम उठला. बाल्कनीत गेला. त्यानं फीत लावली, कानानं जागा हेरली, कात्री घेतली.

“बाबा काय करताय.” ती दारात आली होती. “बाबा नको. आत्ता कुठे ती मला भेटलीय. बाबा तुमच्या पाया पडते एवढंच आहे माझ्याकडे तिचं...”

त्यानं पहिला श्वास कापला.

मागे झीनतनं हवा ओढली. पाण्यातून वर काढलेलं माणूस ओढतं तशी.

त्यानं मागे पाहिलं नाही. पुढची जागा हेरली आणि कापली. झीनतला हुंदका फुटला. प्रत्येक कापाबरोबर एक हुंदका येत होता, आणि हुंदक्याला श्वास लागतो.

“मावलुदा,” तो पुटपुटत होता, “आपलीच आहे गं ती.”

या वेळी त्याला तुकडे टाकवले नाहीत. वीतभर लांबीच्या त्या तपकिरी पट्ट्या त्यानं खिडकीच्या चौकटीत खिळे ठोकून ओळीनं टांगल्या. उरलेली फीत जोडून एकदा लावून पाहिली. सपाट स्वर. बाउर्जानला हवा होता तसा.

झीनत रडून रडून बाल्कनीतल्याच दिवाणावर झोपली. ती त्याच्याशी बरेच दिवस बोलणार नव्हती, हे त्याला कळत होतं. चालेल. त्यानं तिच्या अंगावर रजई घातली आणि खुर्ची ओढून जवळ बसला. रजई वर येत होती, खाली जात होती. ते बघत तो किती वेळ बसला असेल कोण जाणे. दुपारचं ऊन उतरून दिवाणावर आलं.

मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. धूर येऊ नये म्हणून त्यानं फटींत कागद कोंबले होते, दारही लावलेलं होतं. पट्ट्या हलत होत्या. झीनतचा श्वास बाहेर आला की सगळ्या मिळून काचेकडे झुकायच्या, आत गेला की परत यायच्या.

तिचाच श्वास लागत असेल त्यांना, त्यानं स्वतःला सांगितलं. एवढीशी तर खोली.

झीनत झोपेत कुशीवर वळली. क्षणभर थांबून तिचा श्वास लांब, संथ झाला.

पट्ट्या पहिल्याच लयीत हलत राहिल्या, आणि मधूनच सगळ्या मिळून किंचित अडखळत होत्या.