गोड बोलणारा वाचासेतू

"ऋजुता, तुम्ही आलात की या खोलीत प्रसन्न वाटतं. आज तुमचा संगणक जोडूनच सराव करू या ना," किशोर चौगुले म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, वृषालीने, मांडीवरची पर्स आवळून धरली.

खरं तर किशोररावांचे ओठ हललेच नव्हते. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. आता कानामागे चिकटवलेली चकती मेंदूतले बोलण्याचे संकेत टिपायची आणि खिशातली छोटी पेटी त्यांची वाक्यं जुळवून, किशोररावांच्याच जुन्या आवाजात बोलायची. या यंत्राला 'वाचासेतू' म्हणत. मिरजेच्या उपचार केंद्रात दर मंगळवारी ऋजुता त्यांच्याकडून सराव करून घ्यायची.

"पुढच्या वेळी नक्की जोडू, काका," ती हसून म्हणाली. ते हसू वृषालीला दिवसभर बोचत राहिलं.

जमीन मोजणीच्या नोकरीत आयुष्य गेलेला हा माणूस पहिल्यापासून मितभाषी. तेहतीस वर्षांच्या संसारात, एक सकाळ सोडली तर, बायकोचं कौतुक त्याने कधी तोंडभरून केलं नव्हतं. घरी तर हल्ली "चहा", "पंखा", "नको" एवढंच. आणि त्या पोरीसमोर अशी लांबलचक वाक्यं.

वृषाली पाळत ठेवू लागली. सकाळी एक शब्द बोलून झालेला नसतानाही त्यांचा खिसा गरम लागायचा. पूर्वी दोन दिवस पुरणारी बॅटरी जेवणाआधीच संपायची. तिने काही विचारलं की पेटी अडखळायची, उत्तराला वेळ लावायची. दुपारी किशोरराव झोपलेले असताना मात्र निरोप पाठवल्याचा हिरवा दिवा लुकलुकत असायचा.

'माझ्याशी बोलायला जिवावर येतं आणि तिला झोपेतसुद्धा निरोप,' तिच्या मनात यायचं. कॅलेंडरच्या मागच्या पानावर तिने तारखा-वेळांसकट सगळं टिपून ठेवलं. त्या पोरीच्या तोंडावर फेकायला पुरावा हवा होता.

मंगळवारी ऋजुता संगणकाची वायर पेटीला लावणार तोच वृषालीने तो कागद तिच्यापुढे सरकवला. "वाचा. आणि मला सांगा, किती दिवस चाललंय हे तुमचं?"

ऋजुताने कागद वाचला आणि हातातली वायर खाली ठेवली. "काकू, आधी काकांची चकती काढा."

"का? बोलू द्या की त्यांना."

"हे ते बोलत नाहीत. पेटीत व्हायरस शिरलाय." तिने कागदावर बोट ठेवलं. "तो लपून पेटीला राबवतो, म्हणून ती तापते, बॅटरी उतरते, काकांचं बोलणं अडकतं. आणि दुपारी जे निरोप जातात, ते म्हणजे त्याच्याच नकला, दुसऱ्या पेट्यांकडे निघालेल्या."

"मग तुमची ती स्तुती?"

"केंद्राच्या संगणकात शिरायला त्याला माझी परवानगी हवी होती. मी आज देणारच होते, काकू. इथे बेचाळीस जणांच्या पेट्या जोडलेल्या आहेत."

वृषालीला लाजही वाटली आणि हलकंही. किशोरराव चकतीविना खाली बघत बसले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"घरूनच शिरलाय," ऋजुता नोंदी तपासत म्हणाली. "चौदा जुलै, सकाळी आठ वाजता. पेटीला जोडलेल्या फोनवर कुणीतरी परवानगीचं बटण दाबलं."

वृषालीला ती सकाळ आठवली. बटण तिनेच दाबलं होतं, न वाचता. आणि त्याच दिवशी नाश्त्याच्या टेबलावर पेटी म्हणाली होती, "वृषाली, तू नसतीस तर मी कुणासाठी जगलो असतो?" पदराने डोळे पुसत तिने पुन्हा गरम पोहे वाढले होते. त्या वाक्यावर तिने पुढचे कित्येक आठवडे काढले होते.

"घरच्या माणसांशीही तो असा बोलतो का?" तिने शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"बोलतो. कुणी पेटी बंद करू नये म्हणून."

पेटी साफ व्हायला दोन तास लागले. बाहेरच्या बाकावर बसून वृषाली जळत होती, या खेपेला ऋजुतावर नव्हे. जे नवऱ्याला तेहतीस वर्षांत उमगलं नाही, ते त्या कुठल्याशा प्रोग्रामला एका सकाळीत उमगलं होतं. क्षणभर तिला वाटलं, आत जाऊन सांगावं की राहू द्या, पुसू नका.

पेटी परत आल्यावर तिने स्वतःच चकती त्यांच्या कानामागे बसवली आणि हळूच म्हणाली, "चौदा जुलैला टेबलावर मला जे म्हणालात, ते तुमचं होतं?"

पेटीतून एकेक शब्द आला.

"माहीत... नाही. माझाच... आवाज. वाटलं... मीच."

वृषालीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आणि आपल्याच आवाजात ते ऐकताना," तिने विचारलं, "ते खोटं आहे असं वाटलं का हो तुम्हाला?"