रोझीबाई, पाव्हणं आलेत

घर विकायला काढलंय म्हणता, आणि दलालही पाहून ठेवलाय. छान केलंत. तो कागद नीट करतो का, गिऱ्हाईक खरं आणतो का, हे तर सगळेच विचारतात. तुम्ही एक वेगळं विचारा. गिऱ्हाईक घेऊन दारात आल्यावर तो काय बोलतो, ते विचारा. हसू नका. दिव्याची वात जरा वर करा, सांगतो.

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी नगरला शाळामास्तर होतो. केडगावात पुणे रस्त्याला लागून आमचं तीन खोल्यांचं घर. पावसानं पाठ फिरवलेली, त्यामुळे रस्त्यावरची धूळ एकदा उठली की खाली बसायचं नाव घेत नसे. माझी बायको रोझी, तिला दमा. त्या वर्षी तो इतका बळावला की तिला इस्पितळात ठेवावं लागलं. मीही रात्री तिच्याच उशाशी, घराला कुलूप. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हिला या धुळीतून काढा, समुद्राकाठी न्या, नाहीतर पुढचा उन्हाळा ही बघणार नाही. तिच्या भावानं, योहाननं, इथे रत्नागिरीला दोन खोल्या पाहून ठेवल्या. पण तिकडचं घर विकल्याशिवाय इकडे पाऊल टाकता येत नव्हतं. रोझीचा श्वासच म्हणा ना त्या विक्रीवर अडला होता.

दलाल गाठला तो मच्छिंद्र. मूळचा काष्टीचा. तिथल्या बाजारात बैलांची दलाली करता करता घरांच्या दलालीत शिरलेला. बोलून बोलून दगडाला पाझर फोडील असा, पण लबाड नव्हता. सगळं घर फिरून पाहिलं आणि ओसरीवर टेकला.

"घर झ्याक हाय, मास्तर. पर रिकामं वाटतंय. मुकं जनावर अन् रिकामं घर, दोन्हीला गिऱ्हाईक भितंय."

"मग काय करायचं?"

"बाजारात म्या बैलाला नावानं हाक मारतो. त्यानं कान हलवला की गिऱ्हाईक खूश. घराचंबी तसंच. बाईंचं नाव काय म्हनलात?"

मी नाव सांगितलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा हा पठ्ठ्या फाटकातूनच ओरडला, "रोझीबाई, पाव्हणं आलेत!" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "कामात असत्याल." मला हसू आवरेना. ओस घरात नाव घेऊन हाक मारू नये, असं माझी आजी म्हणायची. पण आम्ही चर्चला जाणारी माणसं, असल्या गोष्टी कशाला मनावर घेतोय! त्या महिन्यात बरेच जण येऊन गेले. सौदा जमत नव्हता, हाक मात्र चुकत नव्हती.

एका रविवारी इस्पितळात रोझीनं माझा हात धरला. तिचा घसा बसला होता.

"अहो, दुपारी मला कुणी हाक मारतं का हो? जरा डोळा लागला, की कुणीतरी बोलावतं. पाहुणे आलेत म्हणतं. मी उठायला बघते... उठवत नाही."

तिला यातलं मी अक्षरानंही सांगितलं नव्हतं. "स्वप्न असेल," मी म्हणालो.

मग गहिनीनाथ आले, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको चांगुणा. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पत्रे उन्हानं तडतडत होते. मच्छिंद्रनं सवयीनं हाक मारली. आणि आतून, स्वयंपाकघरातून, आवाज आला.

"या ना... बसा. चहा टाकते."

शेवटचा शब्द जरासा ओढून बोलायची तिची लकब. मी तिचा नवरा, माझी कशी चूक होईल? धावत आत गेलो. स्टोव्ह थंड. कप पालथे, त्यांच्यावर धुळीचा थर. पण आल्याचा वास असा दरवळत होता, की चहा आत्ता उकळला असावा.

मच्छिंद्र कानाशी आला. "झकास, मास्तर! कुनाला आनून बसवलंय?"

संध्याकाळी मी इस्पितळात पोचलो, तर रोझीचे ओठ हलत होते आणि आवाज मुळीच नव्हता. डॉक्टरांनी बॅटरी धरून घसा तपासला. म्हणाले, घशात काहीही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी मी मच्छिंद्रचे अक्षरशः पाय धरले. बाबा रे, ती हाक बंद कर. त्याचं तोंडच उतरलेलं होतं.

"आज म्या तोंडसुदिक उघडलं न्हाई. फाटकाची कडी वाजली, अन् त्याच बोलल्या... मास्तर, कोन हाय आत?"

मी पाद्रीसाहेबांना घेऊन गेलो. त्यांनी ओसरीवर उभं राहून प्रार्थना केली. प्रार्थना संपली आणि आतून हळूच, भक्तिभावानं, "आमेन" आलं. पाद्रीसाहेब पायऱ्या उतरले ते मागे न बघता गेले.

आणि घर विकलं गेलं! चांगुणेला फार आवडलं. "वहिनी किती ग्वाड बोलत्यात. बाहीर का येत न्हाईत?" ती विचारायची. "तब्येत बरी न्हाई त्यांची," मच्छिंद्र खाली मान घालून सांगायचा. आपण दलालाकडून दुसरं काय मागतो? घर भरलेलं दिसावं, गिऱ्हाईक रमावं. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं.

मी काय करायला हवं होतं, सांगा. घर ठेवावं तर रोझी त्या धुळीत गुदमरून जाणार. विकावं तर तिचा आवाज तिथंच राहणार. तिला तर कशाचाच पत्ता नव्हता. छातीचा भाता चाललेला, आणि हातानं खुणावत होती, निघू या, लवकर निघू या.

किल्ली द्यायच्या दिवशी मी एकटाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो.

"रोझी, चल. आपण निघालोय."

मग अगदी जवळून, "तुम्ही व्हा पुढं... दुपारी कुणी आलं तर घरात माणूस नको का?"

मी तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडलो. कितीतरी विनवण्या केल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, शेवटी उठलो.

समुद्राच्या हवेनं रोझी खडखडीत बरी झाली. तुम्ही बघताच, रोज वाळूवरून फिरून येते, दम म्हणून लागत नाही. मुकीच आहे, इतकंच. लोक जन्माची मुकी समजतात, मीही काही सांगायला जात नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या कामासाठी नगरला जावं लागलं. केडगावकडे फिरकायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. पण एसटी स्टँडवर चांगुणाच समोर आली. मला बघून तिला बरंच वाटलं.

"बरं झालं भेटलात, मास्तर. वहिनी बोलत्यात अजून. पयल्यांदा लई भ्या वाटलं, आता आमास्नी सवय झाली. पर औंदा त्या लई खोकत्यात. धाप लागती, बोलता बोलता मधीच थांबत्यात. ऐकवत न्हाई बगा. कंचं औषध चालू हुतं त्यांचं?"

मी औषधाचं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

तिनं ते दोनदा घोकून पाठ केलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली.

"आजच आनते. पर मास्तर... देऊ कुनाला?"