नाचणगावच्या शिवारातले टायर

जानेवारीतल्या सकाळी नाचणगावच्या शिवारात खिशातून हात काढवत नाही. तरी मी हातमोजा काढून टायरवर तळहात ठेवला, आणि चटकन उचलला. टायर गरम होता.

प्रदूषण नियंत्रणाच्या खात्यात मी क्षेत्र अधिकारी आहे. भंगार टायर उघड्यावर जाळू नयेत, विनापरवाना भट्टीत वितळवू नयेत, त्यांचा रीतसर पुनर्वापर व्हावा, हे बघणं माझं काम. भंगारवाल्या धनंजयच्या या टायरांच्या यार्डाबद्दल शेजारच्या शेतकरीण देवकाबाईंनी तक्रार केली होती, म्हणून मी पिपरी मेघेहून सकाळीच निघाले होते.

"आतून पेटलंय का?" मी विचारलं. टायरांचा ढीग आत धुमसत राहिला आणि एकदा भडकला, की कित्येक दिवस विझत नाही. सगळा धूर गावावर.

"आग नाई, मॅडम," धनंजय म्हणाला. तो ढिगापासून लांबच उभा होता. "भट्टी तं मी कधीचीच बंद केली."

मी यंत्राने तापमान मोजलं. टायर आतून थंडगार, दवाने ओला. बाजूही थंड. तापला होता तो फक्त रस्त्याला टेकणारा पट्टा, लांबचा प्रवास करून आल्यासारखा. तळाशी दबलेल्या टायरांचंही तेच. खाचांमध्ये ओला लाल मुरूम अडकला होता. त्या शिवारात सगळी काळी माती, आणि दिवाळीपासून पाऊस नाही.

"हे गाड्यांना लावून वापरता का?"

"पाहा ना, आरपार भोकं हायेत. कोन्त्या गाडीले लागन हे?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "मले नाई ठेवाचे, मॅडम. तुमीच घेऊन जा. ट्रकवाले येतेत, हात लावून पाह्यतेत, अन् खालीच वापस जातेत."

देवकाबाई बांधावर वाट बघत होत्या.

"जय भीम, जागृतीबाई."

"जय भीम. धुराचा त्रास होतो ना?"

"धूर कायचा वो? पहाटे माह्या कापसातून चाकं जातेत. इंजिनचा आवाज नाई, नुसता चाकाचा. लेक दिवाळीत बाळंतीण झाली, अजून माह्याचकडे हाय. दचकून उठते, लेकरू रडते."

मी कापसात शिरले. एकही झाड मोडलं नव्हतं, जमिनीवर चाकोरी नव्हती. पण यार्डाच्या कुंपणापासून सडकेपर्यंत सरळ एका पट्ट्यात पांढऱ्या बोंडांवर लाल धूळ बसली होती. मी बोटाने पुसून पाहिली. बारीक, कोरडी, मुरमाची.

कारण नंतरही शोधता येतं. तापलेल्या ढिगाचा धोका समोर होता, आणि त्यावर काय करायचं ते मला ठाऊक होतं. सगळा ढीग जागच्या जागी तुकडे करून हलवायचा, असा आदेश मी काढला. धनंजयने वाद घातला नाही.

टायर कापायचं यंत्र आलं. मी शेवटपर्यंत उभी राहिले. सरकत्या पट्ट्यावर आडवा ठेवलेला प्रत्येक टायर पात्यांजवळ पोचला, की हळूच उभा राहायचा.

यंत्रावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं.

"चालू ठेवा," मी म्हटलं.

पाती चालली. तारा वेगळ्या झाल्या, रबराचा भुगा झाला. तो परवानाधारक कारखान्यात गेला, आणि तिथून डांबरात मिसळायला. असा रस्ता जास्त टिकतो. योगायोगाने देवकाबाईंच्या शेतावरून जाणारी जुनी सडक त्याच डांबराने नवी झाली. यार्डाची जागा मोकळी झाली, पहाटेचा आवाज थांबला. माझ्या नोकरीतलं इतकं स्वच्छ काम दुसरं नाही, असं मी घरी सांगितलंही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. काळा, गुळगुळीत रस्ता. देवकाबाई त्यांच्या फाटकासमोर रस्त्यावरच उभ्या होत्या, नात कडेवर. मी स्कूटर स्टँडवर लावली.

"झोप लागते ना आता?"

"मस्त लागते. तुमचे लय उपकार झाले, बाई."

नातीचं नाव प्रेरणा ठेवलं होतं. कापूस बरा झाला होता. आम्ही उन्हात उभ्या राहून निवांत बोलत होतो.

बोलता बोलता देवकाबाई थांबल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "माहं फाटक कुठी गेलं?"

मी वळून पाहिलं. फाटक मागे होतं. बरंच मागे.

स्कूटर स्टँडवर, माझ्या शेजारीच होती. चावी माझ्या मुठीत. मी पाय उचलला नव्हता, त्यांनीही नाही. कुठे काही हलल्याचं जाणवत नव्हतं.

देवकाबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

कडेवरची नात शांत होती. मान वळवून वळवून ती मागे जाणारी झाडं बघत होती.