मागून मारलेली हाक

ही ऐकीव गोष्ट नाही.

आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टींत नेहमी कुणाच्या तरी मित्राच्या काकांना काहीतरी दिसलेलं असतं. इथे तसं काही नाही. ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरची गोष्ट आहे. आणि तिचा शेवट मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

दुसरं म्हणजे, रात्र नव्हती. सप्टेंबरमधली सकाळ होती. आदल्या दिवशी गणपती उठले होते. कॅल्गरीत लख्ख ऊन पडलं होतं.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं.

सुहासिनीमावशी आता पंच्याहत्तरीकडे झुकली आहे. नंदकुमारकाकांशी लग्न होऊन ती कॅल्गरीला आली, तेव्हा म्हणे अख्ख्या शहरात कोथिंबिरीची काडी मिळत नव्हती. काका जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, नील. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला आणि शिकारीचा नाद असलेला. तोही बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने.

दर सप्टेंबरला तो डोंगरांत जायचा. एल्क मारायला. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा.

मावशीकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये अख्खं एल्क! मायलेकांचं यावरून रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

नीलच्या जोडीला जयदीप असायचा. पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. इथे येईपर्यंत त्याने डाससुद्धा नीट मारला नसेल. नीलने त्याला सगळं शिकवलं.

या शिकारीची एक रीत आहे. एकजण धनुष्य घेऊन पुढे बसतो. दुसरा बराच मागे, झाडीत. मागचा माणूस तोंडात एक रबरी पट्टी धरून एल्कच्या मादीचा आवाज काढतो. नर त्या आवाजाकडे निघतो आणि वाटेत पुढच्या माणसाच्या टप्प्यात येतो. पुढच्याने हलायचं नाही. मागे वळून तर बघायचंच नाही.

मागून आवाज काढायचं काम नेहमी नीलचं. त्याचा आवाज शेवटी किंचित चिरकायचा. जयदीप त्याला त्यावरून चिडवायचा.

फक्त एक आहे… तो आवाज नुसत्या एल्कलाच ऐकू येत नाही. त्या डोंगरांत ग्रिझली अस्वलं आहेत.

म्हणून कमरेला बेअर स्प्रे हवाच. मिरचीच्या अर्काचा डबा असतो. अस्वल अंगावर आलं, की तोंडावर फवारायचा.

तीन वर्षांपूर्वी नील असाच निघाला. तेव्हाही आदल्याच दिवशी गणपती उठले होते. गॅरेजच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक लाकडी बाक आहे. त्यावर बसून त्याने बूट बांधले. “येतो गं आई,” म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

मावशी दार लावायला वळली.

बाकावर बेअर स्प्रे होता…

ट्रक अजून ड्राइव्हवेमध्येच होता. काच खाली होती. एक हाक पुरली असती.

मावशीने तोंड उघडलं. आणि मिटलं.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरात हे शिकवलेलं असतं. लहानपणी मावशीने तिच्या वडिलांना अशी हाक मारली, तेव्हा माझ्या आजीने तिला सगळ्यांसमोर धपाटा घातला होता. तो तिच्या पाठीतून कधी गेलाच नाही.

तिने ठरवलं, थोड्या वेळाने फोन करू. तोवर तो रस्त्याला लागलेला असेल, मग ते मागून हाक मारणं होणार नाही. मग पूजा झाली. दूध उतू गेलं. ओटा पुसण्यात आणखी वेळ गेला. तिने फोन लावला तेव्हा नील डोंगरांत शिरला होता. तिथे सिग्नल नसतो.

जयदीप परत आला तो एकटाच.

तो पुढे बसला होता. मागून नीलचा आवाज येत होता. मग थांबला. जयदीपला वाटलं, मुद्दाम थांबवला असेल. अस्वल नीलच्या मागून आलं होतं… एल्क समजून.

नीलच्या कमरेला स्प्रे नव्हता. झटापटीत कुठेतरी पडला असेल, असं सगळे धरून चालले.

तो डबा मावशीने देवघराखालच्या खणात ठेवला, वातींच्या पाकिटांमागे. कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. आम्हाला वाटायचं, एकुलता एक मुलगा गेला म्हणून ती बोलेनाशी झाली आहे. ती आतल्या आत जळत होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. आजही ते आठवलं की मला रडू येतं.

आता केया. नीलची मुलगी. कॅल्गरीतच शिकते, आजीकडे राहते. तिची आई उमा नोकरीसाठी मॉन्ट्रियलला असते.

गेल्या उन्हाळ्यात केयाने जेवता जेवता सांगून टाकलं की ती एल्कला जाणार. बाबा गेला होता तिथेच.

“आजी, आय हॅव टू. मला ती जागा बघायचीय.”

“फोटोत बघ.”

“इट्स नॉट द सेम, आजी.”

मावशी ताटावरून उठून गेली. नाही म्हणायची तिची छाती होत नव्हती. हो म्हणायचीही नाही.

जयदीपने त्या दिवसापासून धनुष्याला हात लावला नव्हता. तोही आधी नाहीच म्हणाला. पण नाही म्हटलं तर ही पोरगी एकटी जाईल, हे त्याला कळून चुकलं. मग दर रविवारी तो येऊ लागला. डायनिंग टेबलवर नकाशा पसरायचा. कोपऱ्यांवर मावशीच्या लोणच्याच्या बरण्या. पाणी कुठे, वारा कुठून, तंबू कुठे ठोकायचा, खाणं तंबूपासून किती लांब झाडाला टांगायचं… सगळं दहादा ठरलं.

“कॉलिंग मी करणार,” केया म्हणायची. “बाबासारखं.”

“नाही. तू पुढे, मी मागे. दॅट्स फायनल.”

अंगणात तिचा स्प्रेचा सराव चालायचा. त्यासाठी वेगळा डबा मिळतो. आकार तोच, वजन तेच, पण आत मिरची नसते. कमरेच्या म्यानातून उपसायचा, फुस्स करायचा, परत ठेवायचा.

एका रविवारी दुपारी मावशी चहा करत होती. जयदीप टेबलाशी बसला होता. बेसमेंटमधून एल्कचा आवाज आला.

लांबलचक. शेवटी किंचित चिरकलेला.

मावशीचा हात गाळणीवरच थांबला.

“अगदी बापावर गेलीय,” जयदीप हळूच म्हणाला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. केया अंगणातून आत आली. हातात सरावाचा डबा.

“हू इज डुइंग दॅट? काका, तुम्ही?”

केया समोर उभी होती…

आणि बेसमेंटमधून आवाज येतच होता.

पुन्हा एकदा आला. चिरकला. थांबला. तिघांपैकी कुणीच हललं नाही. बऱ्याच वेळाने जयदीप खाली जाऊन आला. तिथे कुणीही नव्हतं. ती रबरी पट्टी केयाच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी मावशीने वाती काढायला खण उघडला. वाती होत्या. डबा नव्हता.

तो बाकावर होता. नील बसला होता त्याच जागी.

केयाला काय विचारणार? विचारलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मावशीने गुपचूप डबा परत ठेवला. काही दिवसांनी तो पुन्हा बाकावर आला. तिने पुन्हा ठेवला. मग तर भर दुपारी, घरात ती एकटी असताना, बाक करकरायला लागला… कुणीतरी वजन टाकून बसल्यासारखा.

“वेड लागायची वेळ आली होती गं,” ती मला नंतर म्हणाली. “आणि खरं सांगू? तो घरात आहे असं वाटून बरंही वाटायचं.”

मग ती सकाळ उजाडली.

मी लंडनला राहते. राजाच्या नव्हे, ऑन्टॅरिओतल्या. केयाचा निरोप घ्यायला मी व्हिडिओ कॉल केला होता. बोलणं झालं. केयाच्या हातावर दही द्यायचं म्हणून मावशीने फोन बाकावर ठेवला. मला गॅरेजचं छत तेवढं दिसत होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

“बाय, आजी!”

“बाय नाही. येते म्हण.”

“ओके, ओके. येते.”

गाडीची दारं लागली. इंजिन सुरू झालं. मावशीच्या सपाता आत आल्या, बाकाजवळ येऊन थांबल्या.

फोनच्या शेजारी तो डबा होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त छत दिसत होतं.

आणि मग…

“आई…”

पुरुषाचा आवाज. अगदी फोनला लागून.

मला वाटलं, जयदीप काहीतरी विसरला. पण जयदीप तिला काकू म्हणतो. आणि तो बाहेर गाडीत होता…



मावशीचा श्वास ऐकू आला. मग ती ओरडली.

“केया! थांब! अगं केया, थांब!”

अशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तीन वर्षांपूर्वीची आणि आत्ताची, दोन्ही हाका तिने एकदम मारल्या. सपाता तिथेच टाकून ती धावली. बाहेर ब्रेक कचकन लागले.

“आजी! व्हॉट हॅपन्ड?”

मावशी गाडीच्या दाराशी आली. तिने केयाच्या कमरेकडे बोट केलं.

“ते… काढून दाखव.”

केयाने म्यानातून डबा काढला.

तो सरावाचा होता.

सकाळी तिने शेवटचा एकदा सराव करून घेतला, आणि तोच परत म्यानात गेला. खरा डबा गॅरेजमध्ये, फ्रीजरवर राहिला होता. हे केयाने मला नंतर सांगितलं. सांगताना ती रडत होती.

मावशी ड्राइव्हवेमध्येच खाली बसली. आणि तिने सगळं सांगून टाकलं. बाकावरचा डबा. न मारलेली हाक. उतू गेलेलं दूध. जयदीप तोंड फिरवून उभा राहिला. केयाने आजीला घट्ट धरलं.

“आजी, ही वुड हॅव जस्ट कम बॅक. दोन मिनिटं लागली असती. दॅट्स ऑल.”

ते ऐकून मावशीला बरं वाटलं की आणखी वाईट, मला अजून कळलेलं नाही.

केया आणि जयदीप दुपारी निघाले. खरा स्प्रे घेऊन. सुखरूप परतही आले. एल्क मिळालं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या जागी केयाने एकदाच बाबासारखा आवाज काढला. उत्तर आलं नाही.

नीलचा डबा मात्र गेला. ती सगळी आत आली तेव्हा तो बाकावर नव्हता. खणातही नव्हता. अजून सापडलेला नाही.

केया निघाली त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला.

“कस्तुरी, तू फोनवर होतीस. ऐकलंस ना?”

“हो, मावशी.”



“रागावलेला होता का गं?”

“नाही गं. काहीतरी विसरल्यावर दारातून हाक मारतात ना, तसाच होता.”

मावशी रडली. खूप रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा अशी मोकळी झाली.

मी खोटं बोलले नाही. पण सगळंही सांगितलं नाही.

मावशी बाहेर धावली तेव्हा फोन बाकावरच होता. कॉल चालू होता. बाहेर ती तिघं बोलत होती, रडत होती. आत कुणीच नव्हतं.

आणि बाक करकरला…

बुटाची नाडी ओढल्याचा आवाज आला. एका बुटाची. मग दुसऱ्याची. लाकडावरून काहीतरी उचललं गेलं. मी छताकडे बघत होते. छत तसंच होतं, कुणाची सावलीसुद्धा पडली नाही.

“येतो गं आई.”

उत्तरासाठी थांबावं, तसा तो थांबला.

त्याला ‘ये हं, लवकर ये’ म्हणायला त्या क्षणी मी एकटीच होते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.