धुडकूबुवांची वीणा

मोबाईल खाली ठेवा रे, नाहीतर सांगणार नाही. हं. ही ऐकीव गोष्ट नाही, आपल्या बमरोलीतल्या गोपालची आहे. कापडाच्या खात्यात माझ्या शेजारच्या मागावर होता तो.

धुडकूबुवा तुम्ही पाहिले नाहीत. आपलं भजनी मंडळ चाळीस वर्षं त्यांनी चालवलं. वीणेची तार छेडून छेडून उजव्या तर्जनीला वाटाण्याएवढा घट्टा पडला होता. नाम घेताना शेवटचं अक्षर ओढायचे. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की पुढचा येतो, पाया पडतो, आधीच्याच्या गळ्यातला वीणेचा पट्टा आपल्या गळ्यात घेतो. बुवा म्हणायचे, "मी हातानं देईन, त्यानंच मंडळ चालवायचं." आणि कुणाला न देताच दिवाळीत गेले. गोपालनं खुंटीवरची वीणा आपणच काढून गळ्यात घातली. मी म्हटलं, "अरे, कुणा म्हाताऱ्याच्या हातून तरी घे." तर म्हणतो, "ज्यांची आहे त्यांच्याकडे वर जाऊ का, काका?" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

ती दिवाळी सरली. मार्गशीर्ष, शुक्रवार, सप्ताहाची पहिली रात्र. दोन ते चारचा पहारा गोपालचा. घरी बायकोला, उज्ज्वलाला, नववा सरत आलेला, पहिलंच बाळंतपण. त्याची आई मालतीबाई सोबतीला. "फोन आला की पुढच्या पहाऱ्याच्या संदीपला उठवून वीणा देतो अन् निघतो," असं दोघींना सांगून आला होता. संदीप आणि बाकीची मंडळी गच्चीवर झोपलेली. कुत्री शिरतात म्हणून मंडळाच्या हॉलचं शटर ओढलेलं.

गोपाल एकटाच नाम घेत होता. अडीचला मागून कुणीतरी तेच नाम परत म्हटलं. शेवटचं अक्षर ओढत. संदीप उठला वाटतं, म्हणून वळून पाहिलं. सतरंजी... रिकामी.

आता मंडळाचा नेम असा, की मागून साथ आली तर पुढच्यानं थांबायचं नाही. त्यानं नाम घेतलं. साथ आली. परत घेतलं. परत आली. मग थांबू म्हणाला, तर तोंड थांबेना.

"पछी शुं थयुं, काका?"

नरेंद्र, पुढे काय झालं ते मराठीत विचार. भीती मराठीतच लागते.

तीनला खिशातला फोन वाजला. तारेवरचा हात उचलायला गेला, उचलेना. फोन बंद झाला. पुन्हा वाजला. पट्टा मानेत रुतत होता. संदीपला हाक मारायची होती... तोंडून नामच आलं. शटर चार पावलांवर. पाय हलेनात. डोळ्यांतून पाणी, तोंडात नाम, खिशात फोन.

मागचा आवाज... जवळ आला.

आणखी जवळ.

तीन चाळीस. कुणीतरी त्याच्या पायांना हात लावला. पहारा बदलताना लावतात तसा. हात गार होता.

गळा हलका झाला.

फोन उचलला तर मालतीबाई रडत होत्या. "कुठे होतास रे? पोर अडली होती, शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणली. आत्ता सुटली. मुलगा झाला." गोपालनं वर पाहिलं. वीणा खुंटीवर होती.

तुम्ही म्हणाल, उभ्या उभ्या डोळा लागला असेल. मीही तेच म्हणालो त्याला. सकाळी बाळ बघायला गेलो. झोपलं होतं, उजवी मूठ घट्ट मिटून.  मालतीबाईंनी मूठ उघडली आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं.

बाळाच्या तर्जनीला घट्टा. वाटाण्याएवढा. टणक.