नववी पट्टी

यातला एक शब्दही पदरचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं, तिनेच सांगितलं आहे. आणि ती थापा मारणारी बाई नव्हे. उलट दुसऱ्याची थाप पकडण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

वेळ मंगळवारी दुपारी अडीचची. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांची म्हणतात तसली वेळ नव्हेच.

जागा म्हणजे एक जुनं गोदाम. काळे पडदे सोडून तिथे एका पॉपगायिकेचं प्रदर्शन मांडलं होतं. आत शिरलं की चारी भिंतींवर ती, जमिनीवर ती, छतावरही तीच. चकाकणारे कपडे घालायची म्हणून तिला सगळे चंदेरी म्हणत.

आपल्या बाईला धाकटी म्हणू. घरात तिला तेच म्हणतात. वय पन्नाशीचं, नोकरी कान तपासायच्या दवाखान्यात. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे आणि सांगायचं, "आवाज आला की बटण दाबा." काही लोक आवाज नसतानाही दाबतात. काही आलेला आवाज दडवतात. धाकटी मध्येच काहीही न वाजवता गप्प बसायची आणि लबाड बरोब्बर पकडायची.

चंदेरीची ती काही भक्त नव्हती. तिची तीन गाणी माहीत, त्यातलं एकच पूर्ण. तिकिटं मुलीने काढली होती. "चल गं आई, घरात बसून तरी काय करणारेस?" एवढ्यावर ती निघाली.

पण ते एक गाणं...

ते रेडिओवर लागलं की घरात सगळे गालातल्या गालात हसायचे. कारण होती थोरली.

थोरली म्हणजे हिची सख्खी बहीण. तरुणपणी स्टुडिओत कोरसमध्ये गायची. तिचं म्हणणं होतं, की त्या गाण्यातली सगळ्यात वरच्या पट्टीतली ओळ चंदेरीची नाहीच. रेकॉर्डिंगच्या दिवशी चंदेरीचा घसा बसला होता. ती ओळ थोरलीने गायली, आणि तीच ठेवली. कव्हरवर नाव नाही, हातात कागद नाही, साक्षीदार नाही.

तेव्हा धाकटीचं नवीन लग्न झालं होतं. सासरच्या माणसांसमोर, जेवताना, थोरलीने हे सांगितलं. सगळे धाकटीकडे बघायला लागले. नव्या घरात आपलं हसं होईल म्हणून धाकटी घाबरली, आणि म्हणाली, "ताई, फेकू नकोस."

सगळे खो खो हसले. थोरलीही हसली. मग ताटातलं तसंच टाकून उठली.

त्या दिवसापासून ती फेकूताई झाली. पुढे मुलांची फेकूमावशी. असलं नाव एकदा चिकटलं की घासूनही निघत नाही.

थोरलीने आधी गाणं सोडलं. मग येणं-जाणं सोडलं. तीन वर्षांपूर्वी ती वारली. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत धाकटीचा हात धरून म्हणाली, "एकदा नीट ऐक गं ते. तुझं तर कामच ऐकायचं आहे."

"हो हो, ऐकते," धाकटी म्हणाली.

ऐकलं नाही. दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला बहिणीसाठी चार मिनिटं सापडली नाहीत. खरं सांगायचं तर तिला ती सापडू द्यायचीच नव्हती.

तर त्या मंगळवारी मुलगी चंदेरीच्या झगमगत्या जॅकेटांपुढे फोटो काढत बसली, आणि धाकटी पुढच्या खोलीत गेली.

खोली अंधारी. आठ-दहा टेबलं. प्रत्येकावर हेडफोन आणि वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्यांची एक पाटी. गाणं तेच. ड्रमची एक पट्टी, गिटारची एक, चंदेरीच्या आवाजाची एक. हवं ते वर करा, नको ते खाली करा. बाजूला एक लाल बटण.

"ते दाबलंत की तुम्ही ऐकताय ते सगळ्या खोलीला ऐकू येईल," तिथे देखरेखीला असलेल्या काळ्या टीशर्टातल्या बाई म्हणाल्या. वयाने साठीच्या, दिवसभर उभ्या राहून पाय अवघडलेल्या.

धाकटी बसली. सवयीने पट्ट्या मोजल्या.

नऊ.

आठांवर नावं होती. नवव्या पट्टीवर काहीच नव्हतं.

तिने गाणं सुरू केलं. ती ओळ जवळ आली तशी चंदेरीची पट्टी खाली ओढली. ओळ गाण्यातून गेली. आवाज साफ बंद.

झालं. म्हणजे ओळ चंदेरीचीच. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. आपण बरोबर होतो, हे कळल्यावर माणसाला किती बरं वाटतं बघा. बहीण मेली असली तरीही.

मग सहज म्हणून तिने सगळ्याच पट्ट्या खाली केल्या. आणि नववी वर.

काही नाही.

नुसती शांतता. पण ज्याचं आयुष्य शांतता ऐकण्यात गेलंय, त्याला रिकामी खोली आणि कुणीतरी गप्प बसलेली खोली यातला फरक कळतो.

तिथे कुणीतरी गप्प बसलं होतं...

मग श्वास आला. नाकाने घेतलेला. शेवटी बारीकशी शिट्टी.

तो श्वास धाकटीने लगेच ओळखला. लहानपणी तिने झोपाळ्यावरून ढकलल्यामुळे थोरलीचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून तिचा श्वास असाच वाजायचा. सोळा वर्षं एका अंथरुणात झोपून धाकटीने तो ऐकला होता.

आणि मग ती ओळ आली.

उंच. स्वच्छ. कुठेही न चिरता. चंदेरीला जन्मात जमली नसती अशी.

थोरली खरं बोलत होती. तेव्हाही, मरतानाही.

धाकटीला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. अर्धं आयुष्य एका बाईने थापाडी म्हणून काढलं, आणि ते नाव तिला ठेवलं पाठच्या बहिणीने.

ओळ संपली. गाणंही संपलं. पाटीवरचा दिवा विझला.

श्वास मात्र चालूच होता...

आधी तो उजव्या कानात होता. मग मध्ये आला. मग अगदी डाव्या कानाशी.

"आला का आवाज?"

थोरलीच. घसा साफ करून बोलायची तशीच.

"आला असेल तर बटण दाब."

धाकटीने लाल बटणावर बोट ठेवलं. दाबायचं तेवढं राहिलं होतं. सगळ्या खोलीने ऐकलं असतं. पलीकडून येणाऱ्या मुलीनेही.

तेवढ्यात मुलगी आलीच. वाकून म्हणाली, "काय गं, एवढं काय ऐकतेस? चेहरा बघ कसा झालाय. फेकूमावशीची ओळ लागली वाटतं?" आणि हसली.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? ज्या नावावर तू लहानाची मोठी झालीस, ते खोटं आहे. ते मी ठेवलं. मावशीला नाही, मलाच लाज वाटायला हवी होती.

एका बोटाचं काम.

धाकटीने बोट उचललं. हेडफोन काढून मानेवर टाकले.

"काही नाही," ती म्हणाली. "बंद आहे वाटतं."

सरळ कानावर हात ठेवले.

मानेवरच्या हेडफोनमधून एकच शब्द आला. रागाचा नाही. ताटावरून उठताना माणूस म्हणतं तसा.

"बरं."

आणि नववी पट्टी... कुणी हात न लावता... हळूहळू खाली गेली.

धाकटीला आठवडाभर झोप नव्हती. पुढच्या मंगळवारी मुलीला ओढतच घेऊन गेली. तेच टेबल, तेच हेडफोन.

पट्ट्या आठ.

दुसरं टेबल पाहिलं. आठ. शेवटचं पाहिलं. आठ. काळ्या टीशर्टातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, उघडल्या दिवसापासून मीच पुसतेय या पाट्या. आठच आहेत."

तिथेच, आठ-दहा अनोळखी माणसांसमोर, धाकटीने मुलीला सगळं सांगितलं. श्वास, ओळ, बटण, आणि सासरच्या जेवणाचा तो प्रसंगही. काहीच लपवून ठेवलं नाही. रडली.

मुलीने तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आई, तुला तिची आठवण येते, मला कळतं. पण असं काही चारचौघांत सांगू नकोस हं. लोक हसतात."

त्यानंतर धाकटीने नवऱ्याला सांगितलं. नणंदेला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. आता घरात पाहुणे आले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती हेडफोनची गंमत सांग ना." ती सांगते. दर वेळी, पहिल्यापासून. पाहुणे चांगले असतात, तोंडावर हसत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं.

परवा रेडिओवर ते गाणं लागलं. स्वयंपाकघरात मुलगी भांडी पुसत होती. वरच्या पट्टीतली ओळ आली तशी तिने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि आवाजात आवाज मिसळला.

धाकटीला ड्रम ऐकू आले. गिटार ऐकू आली. मुलगी गात होती तेही ऐकू आलं.

रेडिओत मात्र त्या जागी कुणीच गात नव्हतं.

तिने आवाज वाढवला. पुन्हा लावून पाहिलं. मोबाइलवर, मुलीच्या हेडफोनवर, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. सगळ्यांना ती ओळ ऐकू येते. तिला येत नाही. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तिचे दोन्ही कान तपासले. रिपोर्ट माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. कानांत काही म्हणता काही दोष नाही.

रोज संध्याकाळी ती ते गाणं लावून बसते. चार मिनिटं, नीट ऐकत.