पंच्याहत्तर किलोमीटरवरची ऊब

"चपला बाहेर!" मान वर न करता मी म्हटलं. दुर्बिणीचा आरसा पुसत होते.

"देवळात आलो की काय?" अनोळखी आवाज.

"देवळात धूळ चालते. इथे नाही."

तिरुपतीजवळच्या आमच्या वेधशाळेत कोदंडपाणी असा आला. नवा संशोधक. चपला हातात, चेहऱ्यावर हसू.

आमचं काम साधं. लेसरचा हिरवा किरण वर सोडायचा, हवेवर आपटून परतणारा प्रकाश मोजायचा, त्यावरून तिथलं तापमान काढायचं. पंच्याहत्तर किलोमीटरवरून फारच थोडा प्रकाश परततो. म्हणून हजारो वेळा बघायचं.

"एकदा बघून नाही कळत, हिमबिंदूगारू?" त्याने विचारलं. 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'जी'.

"नाही."

"बरं... मग मी बघत राहतो." संगणकाचा पडदा समोर होता, पण कोदंडपाणी माझ्याकडे बघत होता.

मार्चमधल्या एका रात्री पंच्याहत्तर किलोमीटरवरची हवा नेहमीपेक्षा तीस अंशांनी उबदार दिसली. तो आलेख त्याने पाठवला आणि त्यावर त्याला जर्मनीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन वर्षांची शिष्यवृत्ती.

आणि मला चूक सापडली. खालचा प्रखर प्रकाश अडवणारी झडप त्या रात्री मी जरा लवकर उघडेल अशी लावली होती. यंत्र त्या प्रकाशाने दिपलं आणि वरच्या हवेत खोटे आकडे भरत राहिलं. ऊब नव्हतीच.

तो जाऊ नये म्हणून तर मी चूक शोधली नाही ना? हिशेब तीनदा तपासला. मग सकाळी कॅन्टीनमध्ये तिन्ही हिशेबांचा कागद त्याच्या पेसरट्टूच्या ताटलीशेजारी ठेवला.

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मुगाच्या डोशाचा घास हातात तसाच राहिला.

"झडप माझी," मी म्हटलं. "तसं कळवा त्यांना."

"आलेख मी पाठवला. मीच तपासायला हवा होता." तो थांबला. "खरं सांगा, चूक सापडल्यावर आनंद झाला?"

"...थोडा."

"थोडाच?"

"आधी भीती वाटली. तुम्हाला वाटेल, मी मुद्दाम—"

"मुद्दाम करणारी बाई तीनदा हिशेब तपासत नाही." त्याने लॅपटॉप उघडला आणि तिथेच पत्र लिहिलं: निष्कर्ष चुकीचा, मागे घेतो. पाठवलं.

"आता बोलावतील, नाहीतर नाही," तो म्हणाला. "गेलो तर दोन वर्षं, नाहीतर इथेच. पण अम्माला तुमच्या घरी बोलणी करायला यायचंय... ते दोन्हीकडे तसंच राहतं. कधी पाठवू?"

मी हवामानाचा अंदाज बघितला. सवयच आहे.

"रविवारी," मी म्हटलं. "ढग आहेत. लेसर बंदच असेल."